चार पावलं उत्तरेला

३ जून, मंगळवार

ऑफिसच्या नोंदवहीत आज लिहिलं, 'एका पाहुण्याला किरकोळ खरचटलं. बाकी ठीक.' बाकी ठीक नाही, म्हणून घरी येऊन ही दुसरी वही काढली.

दुपारी एक जोडपं आलं. हेइआउच्या, म्हणजे जुन्या देवस्थानाच्या, चौथऱ्यावर चढू नये अशी पाटी आहे, तेव्हा हा शहाणा चौथऱ्यावर चढला नाही, खाली किनाऱ्याकडच्या उभ्या दगडावर चढला. फोटोसाठी. दगड त्याच्यासकट कलंडला. त्याने आधी फोन तपासला, मग कोपर. मी त्याला जे बोलले ते नोकरीच्या नियमांत बसणारं नव्हतं.

दगड माझ्या छातीइतका उंच, काळा, माथ्यावर निमुळता. त्सुनामीत गावातली अकरा घरं गेली, तेव्हाही तो हलला नव्हता. पूर्वी कोळी पहिला मासा त्याच्यासमोर ठेवायचे. आज तो आडवा पडला होता. डेल्बर्ट माझ्याबरोबर इथे राखणीला असतो, गवत कापतो, कुंपण सांधतो. तो म्हणाला, राहू दे तसाच, कुणा जाणत्याला विचारू. मी म्हटलं, शनिवारी नव्या वाटेचं उद्घाटन आहे, जाणता शोधायला वेळ कुठे आहे?

५ जून, गुरुवार

ऑफिसला फोन केला. दगड पडला हे सांगितलं नाही, 'थोडा सैल झालाय' म्हटलं. पलीकडची बाई म्हणाली, नाहीतरी चाकाच्या खुर्च्यांची वाट तिथूनच जाते आहे, बसवतच असाल तर जरा बाजूला घ्या. मला ते सोयीचं वाटलं. इथे खोटं कशाला लिहू, सुटल्यासारखंच वाटलं.

डेल्बर्टने त्याच्या मेव्हण्याची साखळी-कप्पी आणली. चार पावलं उत्तरेला नवा खड्डा केला, दगड उभा केला. जुन्या खळग्यात खडी भरली, वर वाट आली. आता बघणाऱ्याला वाटेल की तो तिथेच होता. मी दगडाला टी नावाच्या झाडाचं हिरवं पान, नैवेद्याला गुंडाळतात ते, गुंडाळलं आणि माफी मागितली. कुणाची, ते मलाच नीट ठाऊक नव्हतं.

"कोण एवढं बघतंय?" मी म्हटलं.

"बघणारे बघतात," डेल्बर्ट म्हणाला आणि पहारी उचलून गेला.

पापाला सांगितलं नाही. चार वर्षांपूर्वी फाटक बसलं आणि सही करून आत जायचं ठरलं, तेव्हापासून त्याने आत पाऊल टाकलेलं नाही. 'माझ्या आजोबांच्या अंगणात जायला मी सही करू?' असं सगळ्या गावासमोर म्हणाला, आणि फाटकावर सह्या घेणारी मी. तो विषय आमच्या घरात निघत नाही.

१५ जून, रविवार

पापा आज बादली अर्धी भरलेली घेऊन परत आला.

हे लिहून ठेवण्यासारखं आहे. मार्चपासून तो रोज सकाळी उकडलेला भोपळा आणि अळकुड्यांचा लगदा घेऊन जातो आणि ओपेलु माशांना खाऊ घालतो. जुलै संपेपर्यंत नुसतं घालायचं, धरायचं नाही. त्याची बहीण, आंटी लुइका, ब्याऐंशीव्या वर्षी अजून भोपळे सोलते आणि सोलताना त्याला शिव्या देते. मे महिन्यात तर तो म्हणत होता, होडीची सावली पडली की वर येतात, कोंबड्यांसारखे. बादली नेहमी चाटूनपुसून परत यायची.

मी काही विचारलं नाही. होडीवर निघालेल्या माणसाला कुठे चाललास असं आमच्यात कुणी विचारत नाही, मासे ऐकतात. तो फक्त 'जरा फिरून येतो' म्हणतो. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, तर त्याने बादली खाली ठेवली आणि दोन दिवस घरी बसून राहिला. त्याची मासे जमायची जागा, त्याचा कोआ, त्याच्या आजोबांकडून आलाय. कुठे आहे ते आईलाही कधी कळलं नाही. वेळ आली की तो एकाला सांगणार. माझा धाकटा भाऊ काइपो पाहुण्यांची बोट चालवतो. त्याची खात्री आहे की तो एक म्हणजे आपणच.

२६ जून, गुरुवार

आज जेवताना पापा म्हणाला, "तळ खाली गेलाय."

आंटी लुइकाने विचारलं, कसला तळ? तो म्हणाला, समुद्राचा. शिसं सोडतो तर दोरी संपत येते, तरी टेकत नाही. पूर्वी एवढी लागत नव्हती. आंटी हसली, म्हणाली, तुझे हात आखूड झाले असतील. तो हसला नाही. ताटातली अळकुड्यांची पोई तशीच टाकून उठला.

एकोणऐंशी वर्षांचा आहे. आईच्या वडिलांचंही असंच सुरू झालं होतं. ते म्हणायचे, कुणीतरी घराची दारं बदलली. मला भीती वाटते आहे.

कामावर बरं चाललंय. नव्या वाटेमुळे गर्दी वाढली. दगडाच्या नव्या जागेवरून मागे समुद्र छान येतो म्हणून सगळे तिथेच फोटो काढतात.

९ जुलै, बुधवार

पापा आज सकाळी सहाला गेला तो दुपारी दोनला परतला. ओठ फुटलेले, मान लाल. किनाऱ्यावर उतरताना तोल गेला आणि मी हात धरला, तर झटकला नाही. झटकला असता तर बरं वाटलं असतं.

काइपोने त्याला बोटीवरून पाहिलं होतं. म्हणाला, एका जागी थांबतो, किनाऱ्याकडे बघतो, मान हलवतो, परत वल्हं मारतो, परत तिथेच येतो. घर विसरलेल्या माणसासारखा. काइपो एरवी चेष्टेशिवाय बोलत नाही. आज बोलला.

१८ जुलै, शुक्रवार

पापाला डॉक्टरकडे नेलं. मीच नेलं, गुडघ्यांसाठी म्हणून फसवून.

डॉक्टरिणीने कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, त्याने उत्तम काढलं. पाच शब्द सांगून दहा मिनिटांनी विचारले, त्याला दोन आठवले. "घोडा कशाला लक्षात ठेवू? माझ्याकडे घोडा नाही," म्हणाला. डॉक्टरीण हसली, पण तिने कागदावर काहीतरी लिहिलं. मला बाजूला घेऊन म्हणाली, सुरुवात असू शकते, नसूही शकते, मात्र एकट्याला समुद्रावर पाठवू नका.

गाडीत तो खिडकीची काच खाली करून बसला. मग म्हणाला, "कापुआ, तुला काय वाटतं?"

मी म्हटलं, तुला काही झालेलं नाही, यंदा कुणालाच मासे दिसत नाहीयेत. हे धडधडीत खोटं होतं. दक्षिणेकडच्या होड्यांना मासे पायलीचे पन्नास दिसताहेत, काइपोनेच सांगितलं. पापाने माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. त्याला ते आधीच ठाऊक असणार, कोळ्यांना सगळं ठाऊक असतं.

२ ऑगस्ट, शनिवार

काल बंदी उठली. आज पहिलं जाळं.

पहिल्या जाळ्याचे मासे म्हाताऱ्यांच्या घरी जातात, आपल्या घरी सगळ्यात शेवटी. आंटी लुइकाने चौदा घरी निरोप देऊन ठेवले होते. पापाबरोबर काइपो गेला. मी कामावर होते, पण चित्त कुठे होतं ते सांगायला नको. दगडाला टेकून उभी राहिले आणि तिथूनच त्यांची होडी पाहत होते. तीनदा जाळं टाकलं, तीनदा कोरडं आलं.

किनाऱ्यावर लोक टोपल्या घेऊन थांबले होते. अंकल हायरमने आधी पापाला हाक मारली, काय रे योकेपा, मासे रजेवर गेले का? मग पापाचा चेहरा पाहिला आणि घाईघाईने त्याच्या गुडघ्यांची चौकशी केली. कुणी टोमणा मारला नाही. सगळे फार चांगले वागले. आपला पापा, ज्याला गेली पन्नास वर्षं लोक वचकून असायचे, त्याच्याशी लोक असं चांगलं वागताना बघणं मला सहन झालं नाही. मी कुंपणामागे जाऊन रडले.

३ ऑगस्ट, रविवार

काल रात्री काइपो म्हणाला, आता बस झालं. एक दिवस तो परत यायचा नाही आणि भरकटून कुठे गेला ते आपल्याला कळणारही नाही.

होडीच्या इंजिनाची किल्ली दाराजवळच्या खिळ्याला असते, ती मी माझ्या पिशवीत टाकली. सकाळी पापा खिळ्यापाशी आला. रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं, मग त्याच खिळ्याला आपली टोपी अडकवली आणि आत जाऊन बसला. भांडेल म्हणून मी रात्रभर वाक्यं जुळवली होती, एकही कामाला आलं नाही.

१० ऑगस्ट, रविवार

कपडे धुताना त्याच्या सदऱ्याच्या खिशात एक चिठ्ठी सापडली. पेन्सिलीने, ठळक, शाळेतल्यासारख्या अक्षरांत:

कापुआ, मुलगी.
काइपो, मुलगा.
लुइका, बहीण.
बायको वारली. विचारायचं नाही.

मी ती चिठ्ठी कोरडी ठेवली आणि धुतलेल्या सदऱ्यात परत घातली. त्याने आमची नावं अजून एकदाही चुकवलेली नाहीत. चुकतील या धास्तीने तो तयारीला लागलाय.

१७ ऑगस्ट, रविवार

हे आजच लिहायला हवं.

सकाळी पापाने मला अंगणात बोलावलं. आंटी चर्चला गेली होती. तो म्हणाला, "आता तुला सांगतो. डोकं जागेवर आहे तोवर."

मी म्हटलं, काइपोला सांग, तो वाट पाहतोय.

"काइपोच्या बोटीवर जागा टिपून ठेवणारं यंत्र आहे. तो ते यंत्रात घालील, मग सगळ्या किनाऱ्याला कळेल. तू कुणाला काही सांगत नाहीस. हा तुझा गुण आहे."

मग सांगितलं. दोन ओळी, होडीतून नजरेने जुळवायच्या. एक, दक्षिणेच्या टेकडीतली खाच कड्याच्या नाकावर येते ती. दुसरी, किनाऱ्यावरचा उभा दगड आणि त्याच्या मागे चर्चच्या छपराचं टोक. टोक दगडाच्या माथ्यावर बसलं की थांबायचं. दोन्ही ओळी जिथे मिळतात तिथे कोआ. त्याच्या आजोबांच्या वेळी चर्चच्या जागी माड होता. माड पडला, मग चर्च आलं, पण दगड तोच.

"सगळं जुळतं, कापुआ," तो म्हणाला. "मी रोज जुळवत होतो. टोक माथ्यावर बसतं, खाच नाकावर बसते. तरी तिथे मासे नाहीत. तळही तो नाही. म्हणजे मीच काहीतरी चुकीचं आठवतोय. दगड तर चुकणार नाही."

मी त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, कॉफी करते. आणि आत येऊन चुलीपाशी नुसती उभी राहिले.

१८ ऑगस्ट, सोमवार

सोमवारी फाटक बंद असतं. डेल्बर्टला बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. ओळ कुठली ते सांगितलं नाही, दगड हलल्यामुळे पापा चुकतोय एवढंच. त्याने वाळूत काडीने आकृती काढली, चर्च इथे, दगड इथे, मध्ये ऐंशी पावलं. मग काडी समुद्राकडे नेत नेत लांब गेला. इथे चार पावलं सरकलं, तर तिकडे मैलभर आत निदान शंभर. त्याला ओळ सांगायची गरजच नव्हती.

"तू म्हणाली होतीस कोण बघतंय," तो म्हणाला. मग काडी टाकून पहार आणायला गेला.

नवी वाट उखडली. खडीखाली जुना खळगा सापडला. संध्याकाळच्या आत दगड परत उभा केला. वाट आता त्याला वळसा घालून जाते, बेंगरूळ दिसते. ऑफिस मला हाकलेल, हाकलू दे.

१९ ऑगस्ट, मंगळवार

पापाला सांगितलं. पहिल्यापासून, फोटोवाल्यापासून. मी कसं लपवलं, सुटल्यासारखं कसं वाटलं, तेही. सांगताना मला वाटलं होतं तो ओरडेल. ओरडावं म्हणून मी वाट पाहत होते.

त्याने माझ्या हातावर थोपटलं. "गुणाची पोर आहेस," म्हणाला. "मला बरं वाटावं म्हणून स्वतःवर घेतेस."

"पापा, खरंच सांगते."

"कुणालाच मासे दिसत नाहीयेत, हेही तू खरंच सांगितलं होतंस."

मग तो चिठ्ठीच्या खिशावर हात ठेवून समुद्राकडे बघत बसला. फाटकापाशी चल, स्वतः बघ, असं मी विनवलं. म्हणाला, आता माझ्या बघण्यावर काय विसंबायचं? मी या माणसाशी इतकं गोड खोटं बोलले आहे की आता खरं बोलायला तोंड राहिलं नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार

रजा टाकली. आंटी लुइकाला म्हटलं, भोपळा उकड. तिने कशासाठी ते विचारलं नाही. होडीत पापाची काचेच्या तळाची पेटी ठेवली आणि त्याची गाठी मारलेली दोरी. निघताना पापा अंगणात होता. मी म्हटलं, जरा फिरून येते. त्याने मान वर केली आणि परत खाली घातली.

होडीच्या बाजूला बांधलेली उलांडी नेहमी डावीकडे ओढते, मला सवय राहिलेली नाही. खाच नाकावर आणायला तासभर गेला. मग चर्चचं टोक हळूहळू सरकत दगडाच्या माथ्यावर आलं आणि बसलं. दोरी सोडली, शिसं टेकलं, गाठी मोजल्या. पेटीतून खाली बघत लगदा टाकला. निळ्याशार पाण्यात बराच वेळ काहीच नव्हतं. मग खालून काहीतरी चमकलं. आले. पंचवीस, फार तर तीस. मे महिन्यात तो म्हणाला होता मोजता येत नाहीत. बाकीचे उपाशी राहून पांगले, कुणाकुणाच्या जाळ्यात गेले. वर्षाचा कळप मी चार पावलांत घालवला.

परत आले तेव्हा तो तिथेच बसला होता. मी म्हटलं, वर आले, पण थोडे. त्याने ते ऐकल्या न ऐकल्यासारखं केलं. मग हळूच विचारलं, "दोरी सोडलीस?"

"सोडली."

"कितव्या गाठीला टेकलं?"

"सतराव्या."

गाठींचं तो मला काही बोलला नव्हता. कुणालाच बोलला नसणार. त्याचा चेहरा आधी हललाच नाही, मग ओठ हलायला लागले. "सतरा," तो म्हणाला. "सतराच. मला तेवीस लागत होत्या." आणि मग, माझ्याकडे न बघता, "अकरा आठवडे, कापुआ."

मी पायाशी बसले. त्याने डोक्यावर हात ठेवला नाही. मग म्हणाला, "किल्ली दे."

मी दिली.

२४ ऑगस्ट, रविवार

पापा होडी घेऊन गेला. मी आणि डेल्बर्ट पहारी घेऊन दगडापाशी थांबलो, कारण जाताना तो एवढंच म्हणाला होता की टोपीकडे लक्ष ठेवा.

मैलभर आत होडी थांबली. टोपी डावीकडे हलली. आम्ही पहार लावली, दगड किंचित सरकवला. परत डावीकडे. परत. अर्धा तास त्याने आम्हाला राबवलं. शेवटी टोपी सरळ वर गेली आणि खाली आली. मी मोजलं, चार बोटांचा फरक होता. माझ्या पापाला मैलावरून चार बोटं दिसली, आणि आम्ही त्याला घड्याळ काढायला लावलं होतं.

काइपो मागे येऊन उभा होता. तो खाली बसून खळग्यात हाताने माती दाबायला लागला.

ऑफिसच्या नोंदवहीत आज सगळं लिहिलं, तीन जूनपासून, खाली सही केली. पापा मात्र परतताना फाटकापर्यंत आला नाही. सही करून आत यायचं त्याच्या मनात अजूनही नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

ऑफिसचं उत्तर नाही. पापा रोज भोपळा घेऊन जातो. बंदी उठली आहे तरी जाळं नेत नाही. म्हणतो, यंदा नुसतं खाऊ घालायचं. चौदा घरी आंटी लुइकाने पुढच्या वर्षाचा निरोप दिलाय. माझ्याशी तो बोलतो, मीठ दे, दार लाव, एवढंच. ओरडत अजूनही नाही.

आज कपडे धुताना खिसे तपासले. मला वाटलं होतं चिठ्ठी त्याने फेकली असेल. फेकलेली नाही. घडीवर विरली आहे, पण नावं तशीच आहेत, मुलगी, मुलगा, बहीण. खाली दोन ओळी नव्या आहेत, पेन्सिल जोरात दाबून लिहिलेल्या:

दगड कापुआने हलवला.
मी विसरलो नव्हतो.

मी हात पुसले, चिठ्ठी जपून घडी केली आणि त्याच्या कोरड्या सदऱ्यात ठेवली, नेहमीच्या खिशात.